टाकी भरलेली, शेगडी मात्र बंद: गाडीतल्या गॅसबद्दल वाचकांचे प्रश्न

दिवाळी सरली की आपल्याकडं फिरायचे दिवस लागतात, ऊन उतरलेलं असतं, तुरी फुलावर असतात, अन लोक गाड्या काढून वेरूळ, औंढा, माहूर, तुळजापूर करायला निघतात. गेल्या दोन-तीन वर्षांत गाडीच्या मागं ओढायचा कॅम्पर किंवा टेम्पोतच केलेलं छोटं घर घेऊन जाणारे पण वाढलेत. त्यामुळं या महिन्यात आलेली पत्रं जवळपास सगळी गॅसचीच आहेत. मी आयुष्यभर शेगड्या अन गॅसच्या जोडण्या दुरुस्त केल्या, तेव्हा जे हाताखालून गेलंय तेच लिहितो.

प्रश्न: बोलेरोच्या मागं लावायचा छोटा कॅम्पर गावातच बनवून घेतलाय, आत पलंग, ओटा अन दोन बर्नरची शेगडी. घरी उभा होता तेव्हा सगळं झकास चालायलं. माहूरला गेलो अन पोचल्या पोचल्या चहा ठेवला तर आधी जाळ भपकन वर आला, मग पिवळा झाला अन बारीक होत होत विझला. टाकी दहा दिवसांचीच, उचलून बघितली तर जड लागायली. परत आल्यावर टाकी बदलून आणली तरी तेच. टाकी पलंगाखाली आडवी ठेवतो, उभी बसत नाही तिथं. दोष टाकीचा का रेग्युलेटरचा?
एक वाचक, उदगीर

उत्तर: दादा, तुम्ही जाता जाता लिहिलेलं ते आडव्या टाकीचं वाक्य मी तीनदा वाचलं अन पोटात गोळाच आला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर पण तिथंच आहे अन त्याहून मोठी काळजी पण तिथंच आहे.

आधी उत्तर. टाकीत गॅस पातळ रूपात असतो, खाली पातळ अन वर मोकळ्या जागेत वाफ. शेगडीला लागते ती वरची वाफ, म्हणून तर व्हॉल्व्ह वर असतो. टाकी आडवी केली की व्हॉल्व्ह पातळ गॅसात बुडतो अन रेग्युलेटरमधे वाफेच्या जागी पातळ गॅसच घुसतो. हा पातळ गॅस बाहेर आला की त्याची सुमारे अडीचशे पट वाफ होते, म्हणजे चमचाभर गेला तरी शेगडीवर केवढं येईल बघा. तुमचा भपकन वर आलेला जाळ तो हाच. रेग्युलेटरच्या आत एक पातळ रबरी पडदा अन त्यावर स्प्रिंग असते, टाकीतला जबरदस्त दाब कमी करून शेगडीला झेपेल इतका करायचं काम तेच दोघं करतात, अन तो पडदा वाफेसाठी आहे. पातळ गॅस अन त्यासोबत येणारा टाकीच्या तळाचा तेलकट गाळ त्यावर गेला की पडदा नीट हलत नाही, बारीक भोक चिकटतं. म्हणून टाकी बदलली तरी दुखणं तेच राहिलं. दोन टाक्यांवर एकच लक्षण म्हणजे टाकी निर्दोष, रेग्युलेटर गेला. तो उघडून साफ करायच्या भानगडीत पडू नका, कुणी करून देतो म्हणाला तरी देऊ नका, कनेक्शनचा कागद घेऊन एजन्सीत जा अन बदलून आणा. नळी काढून उलटी धरून बघा, आतनं तेलकट काळं काही निघालं तर नळी पण नवीनच घ्या.

आता काळजीचं. हा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. वर उडून जात नाही, पाण्यासारखा खाली बसतो अन कोपऱ्यात साचतो. हवेत साधारण 2 टक्के झाला की पेटायला ठिणगी पुरते, मग ती फ्रीजची असो नाहीतर मोबाइल चार्जरची. अन तुमची टाकी झोपायच्या पलंगाखाली, बंद खोक्यात! टाकी आज बाहेर काढा. कॅम्परच्या पुढच्या बाजूला, गाडीला जोडायच्या दांडीवर तिला उभी बसेल असा पत्र्याचा कप्पा करून घ्या, दोन पट्ट्यांनी आवळा, कप्प्याच्या तळाला बाहेरच्या बाजूनं मोकळी जाळी ठेवा म्हणजे गळलेला गॅस खाली रस्त्यावर निघून जाईल, अन त्या कप्प्यातनं आत झोपायच्या जागेत एकपण फट राहू देऊ नका. त्याच कप्प्यात बॅटरी किंवा इन्व्हर्टर ठेवणारे मी बघितलेत. तसं चुकूनही करू नका.

इतर वाचकांसाठी थोडं आणखी, कारण गाडीतल्या शेगडीची तक्रार दर वेळी इतकी सरळ नसते. गॅस येत नाही म्हटलं की लोक आधी टाकी हलवतात. मी उलटीकडनं, शेगडीकडनं सुरुवात करतो. एकच बर्नर मंद अन दुसरा चांगला, तर टाकी-रेग्युलेटरला हात लावायची गरजच नाही, त्या बर्नरच्या जेटमधे, म्हणजे गॅस सुटतो त्या बारीक भोकात, धूळ बसलीय, आपल्या रस्त्यांवर ती बसणारच. दोन्ही मंद असतील तर नळी कुठं दबलीय का बघा, कप्प्याचं झाकण लावताना नळी चेपते अन झाकण उघडलं की जाळ पुन्हा चांगला होतो, असं दोनदा माझ्याच बाबतीत झालंय. मग रेग्युलेटर. खड्ड्यांतनं गेल्यावर त्याची खालची काळी रिंग अर्धवट वर सरकलेली असू शकते, बटण बंद करून रेग्युलेटर काढा, परत बसवा अन कट असा आवाज आला का ऐका, नंतर वर ओढून बघा, हलला नाही पाहिजे. रेग्युलेटरच्या टोपीवर सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं, पडद्याच्या वरच्या बाजूला श्वास घ्यायला. ते मातीनं बुजलं की दाब कमी-जास्त व्हायला लागतो. एका टेम्पोतला रेग्युलेटर माझ्याकडं आला होता, कुंभारमाशीनं बरोबर त्या भोकावर मातीचं घर बांधलेलं, मुगाच्या दाण्याएवढं. वरची ओली माती पुसून घ्या पण भोकात तार किंवा टाचणी घालू नका, पडदा फाटला तर गॅस तिथनंच बाहेर येईल.

अन नळीचं माझ्या अंगावर आलेलं सांगतो. मांजरसुंबा घाटात थांबलो होतो, टाकीचा कप्पा उघडला तर सडक्या अंड्यासारखा हलका वास, तो वास म्हणजे गळती कळावी म्हणून गॅसमधे मुद्दाम मिसळलेलं मर्कॅप्टन. रेग्युलेटर बंद केला, वास जाऊ दिला, अन साबणाचं पाणी दाढीच्या ब्रशनं नळीवर फिरवत गेलो. जोडांवर काही नाही, व्हॉल्व्हवर काही नाही. मग नळी जिथं पत्र्याच्या भोकातनं आत जाते तिथं बघितलं, पत्र्याची कड नळीवर घासून घासून भगवं रबर कापलेलं अन आतली तारेची जाळी चकाकत होती, रेग्युलेटर क्षणभर चालू केला तर तिथं मोहरीएवढे बुडबुडे. घरात ही नळी पाच वर्षं आरामात जाते, गाडीत तिला रोज हादरे आहेत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तेव्हापासून पत्र्यातनं नळी न्यायची तर भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे कड झाकणारी रबराची कडी, बसवल्याशिवाय मी कुणाला नेऊ देत नाही, अन लांब अंतर असेल तर मधला भाग तांब्याच्या पक्क्या पाइपचा अन दोन्ही टोकांना तेवढी नळी. आयएसआयची, वर्ष छापलेली नळी घ्या, दीड मीटरच्या वर नको अन मधे जोड तर नकोच.

प्रश्न: निघायच्या आधी टाकीत किती गॅस उरलाय हे कसं ओळखावं? हलवून बघतो पण अंदाज चुकतो.
एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर: ताई, वजन करा, यासारखं दुसरं काही नाही. टाकीच्या गळ्याजवळच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं, समजा 15.3 किलो असेल अन तुमच्या काट्यावर 20.3 भरलं तर गॅस 5 किलो उरलाय. वाटेत काटा नसेल तर ओलं फडकं टाकीवरनं वरपासून खालपर्यंत एकदा पुसून घ्या अन मिनिट-दोन मिनिटं बघत बसा, वरचा रिकामा भाग आधी सुकतो अन पातळ गॅस असलेला भाग गार असल्यामुळं ओला राहतो. त्या दोघांच्या मधे सरळ रेघ दिसते, ती पातळी. आता 5 अन 10 किलोच्या कंपोझिट, म्हणजे लोखंडाऐवजी फायबर-प्लास्टिकच्या, टाक्या पण मिळतात, अर्धपारदर्शक असतात, उजेडासमोर धरलं की आतलं हलताना दिसतं, अन वजनाला पण हलक्या. फिरायला नेणाऱ्यांना मी तीच घ्या म्हणतो. कनेक्शन नसेल तर 5 किलोची छोटी टाकी ओळखपत्रावर पण मिळते. पण मोठ्या टाकीतला गॅस छोट्या टाकीत पलटी मारून देणारे गल्लोगल्ली बसलेत, त्यांच्याकडं जाऊ नका. छोटी टाकी काठोकाठ भरली की उन्हात गॅसला फुगायला जागाच उरत नाही, अन आपलं एप्रिल-मेचं ऊन 42-43 पर्यंत जातं.

प्रश्न: पैठणहून आमची दिंडी जाते, ट्रकवरच सैपाक असतो, दीडशे माणसांचा. 19 किलोच्या एका टाकीवर दोन मोठ्या भट्ट्या लावतो. अर्ध्या तासात टाकीला बाहेरून पांढरं बर्फ चढतं अन जाळ बसतो. गॅस निम्मा पण संपलेला नसतो. पोरं टाकी गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवायलीत, ते बरोबर हाय का?
एक वाचक, पैठण

उत्तर: नाही माऊली, ते घमेलं आधी बंद करा. त्या उपायानं टाकी किती तापली हे कळायला आपल्याकडं काहीच नसतं, गडबडीत कुणीतरी उकळतं पाणी ओततो, अन भट्टी दोन हातांवर पेटलेली असते.

बर्फ का चढतं ते सांगतो. पातळ गॅसाची वाफ व्हायला उष्णता लागते अन ती उष्णता तो टाकीच्या पत्र्यातनं, म्हणजे बाहेरच्या हवेतनं ओढतो. एक किलो गॅसाची वाफ व्हायला जवळपास तेवढी उष्णता लागते जेवढी एक लिटर पाण्याला उकळी आणायला लागते. घरच्या शेगडीला हे कळतसुद्धा नाही कारण ती हळू ओढते. तुमच्या दोन भट्ट्या एकाच टाकीतनं इतक्या झपाट्यानं ओढतात की हवा तेवढी उष्णता पुरवू शकत नाही, मग गॅस स्वतःच गार होतो, गार झाला की दाब पडतो अन जाळ बसतो. टाकीत बिघाड काहीच नाही अन रेग्युलेटर पण चांगला आहे.

म्हणजे ओढ वाटून द्यायची. दोन भट्ट्यांना दोन टाक्या वेगळ्या लावा, नाहीतर दोन टाक्या एकत्र जोडायचा मॅनिफोल्ड एजन्सीच्या माणसाकडनंच बसवून घ्या. टाक्या ताडपत्रीत गुंडाळू नका, हवा लागू द्या. भात एका भट्टीवर अन पिठलं नंतर, असं केलं तरी बर्फ चढायचं पुष्कळ कमी होतं. बर्फ चढलंच तर तासभर तिला उभी राहू द्या, ती आपोआप ताळ्यावर येते. अन चालत्या ट्रकमधे भट्टी पेटती ठेवायची नाही, हे तुमच्या पोरांना माझ्या वतीनं हात जोडून सांगा.

प्रश्न: तुळजापुरात मंदिराच्या वाटेवर ट्रेलरवर चहा-पोह्याचा गाडा लावतो. भट्टीचा रेग्युलेटर, फिरवून कमीजास्त करायचा, तोच घरच्या स्टीलच्या शेगडीला लावला कारण पाणी लवकर उकळतं. आता शेगडी आवाज करायली अन बटणाजवळ वास येतो.
एक वाचक, तुळजापूर

उत्तर: आजच काढा. घरच्या शेगडीचे बर्नर, बटणं अन नळी हे सगळं साधारण 30 ग्रॅम दर चौरस सेंटीमीटर इतक्या दाबासाठी बनवलेलं असतं अन भट्टीचा रेग्युलेटर त्याच्या कित्येक पट दाब सोडतो. बटणाच्या आत जे ग्रीस अन घट्ट बसणी असते तीच गळती अडवते, तुमच्या शेगडीत ती गेलीय, म्हणून वास. नुसता रेग्युलेटर बदलून भागणार नाही, बटणं नवी बसवून घ्या. लवकर उकळायला हवं तर भट्टीला भट्टीचाच बर्नर अन त्याला चालणारी नळी घ्या. अन घरगुती 14.2 किलोची लाल टाकी धंद्याला वापरता येत नाही, त्यासाठी धंद्याची टाकी, जशी 19 किलोची, घ्यावी लागते, हे पण लक्षात ठेवा.

प्रश्न: मुलगा अमेरिकेत कोलोरॅडोत असतो, त्याच्याकडं ओढायचा मोठा कॅम्पर आहे. आम्ही दोघं गेलो होतो तेव्हा डोंगरात पहाटे शेगडीचा जाळ करंगळीएवढा. टाकी काठोकाठ भरलेली. मुलगा म्हणाला थंडीनं गॅस गोठला. आपल्याकडं परभणीत पण पारा पाच-सहावर येतो, मग इथं का नाही गोठत?
एक वाचक, परभणी

उत्तर: काका, गॅस गोठला नव्हता. तिकडं टाकीत जवळपास निव्वळ प्रोपेन असतो अन तो उणे 42 अंशापर्यंत वाफ देत राहतो. आपल्याकडच्या टाकीत प्रोपेन अन ब्यूटेनचं मिश्रण असतं, त्यातला ब्यूटेन शून्याच्या जरा खालीच वाफ द्यायचं थांबवतो, म्हणजे थंडीचा त्रास खरं तर आपल्या गॅसला आधी व्हायला पाहिजे. परभणीची थंडी शून्यापर्यंत जात नाही म्हणून आपलं निभावतं, पहाटे जाळ जरा मवाळ वाटतो इतकंच.

तुम्ही सांगितलेलं लक्षण, टाकी भरलेली अन जाळ करंगळीएवढा, यावर मला पहिला संशय दुसऱ्याच गोष्टीचा येतो. तिकडच्या नळीच्या टोकाला टाकीवर हातानं आवळायची प्लास्टिकची मोठी नट असते अन तिच्या आत एक सुरक्षेची झडप बसवलेली असते, गॅस एकदम जोरात सुटला तर नळी फुटली असं समजून ती फक्त थेंब थेंब गॅस सोडते. टाकीची चावी झटक्यात उघडली, किंवा शेगडीचं बटण आधीच उघडं होतं, तर ती फसते अन उगीचच अडवते. मुलाला सांगा, सगळी बटणं बंद, टाकीची चावी बंद, नट सोडवायची, दोन-पाच मिनिटं थांबायचं, परत आवळायची, अन चावी अगदी हळू, पाव फेरा, थोडं थांबून मग पूर्ण उघडायची. बहुतेक वेळा एवढ्यानंच जाळ येतो. नाहीच आला तर टाकीत पाण्याचा अंश शिरलेला असू शकतो, गॅस गोठत नाही पण ते पाणी रेग्युलेटरच्या बारीक वाटेत गोठतं अन वाट अडते. ऊन चढल्यावर आपोआप सुरू झाला तर तेच समजायचं, अन गॅस भरून देणाऱ्याला टाकी दाखवायची.

अन काठोकाठ म्हणालात, तशी ती नसणार. तिथल्या त्या टाक्यांत एक तरंगता गोळा असतो, 80 टक्क्यांला तो भरणं थांबवतो. एक मजेची गोष्ट सांगू का, तिकडच्या कॅम्परच्या रेग्युलेटरचा दाब 11 इंच पाण्याच्या उंचीएवढा, म्हणजे 28 सेंटीमीटर, अन आपल्या घरचा साधारण 30. गॅस वेगळा, टाकी वेगळी, पण शेगडीपाशी येईस्तोवर दोघं जवळपास एकच.

प्रश्न: म्हैसमाळला मुक्कामाला थंडी होती म्हणून शेगडी बारीक ठेवून खिडक्या लावून झोपलो. रात्री लेकराच्या रडण्यानं जाग आली, डोकं जड होतं. गॅस गळाला असेल का? वास तर नव्हता.
एक वाचक, जालना

उत्तर: ताई, लेकरू रडलं म्हणून तुम्ही सगळे वाचलात असंच मी म्हणेन. गळालेल्या गॅसला वास असतो. बंद जागेत जळणाऱ्या शेगडीतनं जो कार्बन मोनॉक्साइड तयार होतो त्याला ना वास, ना रंग, तो माणसाला झोपेतच गाठतो, अन डोकं जड होणं ही त्याची पहिली खूण. शेगडी ही सैपाकाची वस्तू आहे, ऊब द्यायची नाही, कॅम्परमधे तर मुळीच नाही. रग-गोधड्या जास्त घ्या. सैपाक चालू असताना पण एक खिडकी अन छतातली झडप उघडी पाहिजे.

दोन यंत्रं घ्या, गॅस गळतीचं फरशीपासून वीतभर उंचीवर लावायचं, कारण हा गॅस खाली बसतो, अन मोनॉक्साइडचं वेगळं, झोपायच्या उंचीवर. एकानं दुसऱ्याचं काम होत नाही. झोपताना रेग्युलेटरचं बटण बंद, शेगडीचं नुसतं नाही. अन कधी वास आलाच तर लाइट लावायची नाही अन लागलेली बंद पण करायची नाही, लेकरांना घेऊन आधी बाहेर, दारं-खिडक्या उघड्या टाकायच्या, बाहेरच्या कप्प्यातनं रेग्युलेटर काढून व्हॉल्व्हवर दोरीची पांढरी टोपी कट आवाज येईस्तोवर दाबून बसवायची अन गाडीपासून लांब जाऊन 1906 ला फोन करायचा. तो नंबर चोवीस तास चालतो.

प्रश्न: नव्या टाकीच्या पट्टीवर बी 26 असं लिहिलंय, त्याचा अर्थ काय? अन रेग्युलेटर काढला की टाकीच्या तोंडातनं सू असा आवाज येतो.
एक वाचक, हिंगोली

उत्तर: ती टाकीची पुढची तपासणी कधी ते आहे. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. बी 26 म्हणजे जून 2026 पर्यंत. तारीख उलटून गेलेली टाकी घरी आली तर घेऊच नका, दारातनं परत पाठवा. सू आवाज मात्र तारखेचा नाही, व्हॉल्व्ह आतनं नीट बंद होत नाही. टोपी लावा, टाकी बाहेर मोकळ्यावर ठेवा अन एजन्सीला फोन करा, त्यांचा माणूस येऊन बघतो अन टाकी बदलून देतो. तोवर त्या टाकीवर रेग्युलेटर बसवू नका.